दोघींत एक गोळी

सरकारी इस्पितळाच्या धुलाईखात्यात तिनं एकतीस वर्षं चादरींना इस्त्री केली. तिच्या हाताखालून निघालेली चादर भिंतीला टेकवून उभी राहील अशी असायची, म्हणून नाव पडलं कडकबाई. जिभेमुळंही पडलं असावं, असं सोबतच्या बायका म्हणायच्या.

निवृत्तीनंतर दोन खोल्यांत ती आणि तिची विधवा नणंद राहायच्या. दोघींनाही रक्तदाब. कडकबाईच्या निवृत्तीच्या कार्डावर दोघींच्या गोळ्या इस्पितळाच्या खिडकीवर फुकट मिळत. मग एक दिवस त्या खिडकीवर कागद चिकटला : सत्तरीपुढच्या निवृत्तांनी औषधं बाहेरून घ्यावीत. म्हणजे गरज वाढली नि दार बंद झालं!

बाहेरचा भाव ऐकून कडकबाईनं एकीपुरत्याच गोळ्या घेतल्या. एक दिवस वन्संनी घ्यायची, एक दिवस हिनं. मुलाला कळू दिलं नाही. त्याच्या घरी आधीच ओढाताण होती.

पाचव्या महिन्यात, सकाळी चहा ओतताना वन्संच्या हातातून किटली सुटली. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला.

त्याच इस्पितळाच्या वॉर्डातला तरुण डॉक्टर भडकला. "गोळ्या चुकवल्यात ना? या वयात अशी हयगय?"

"हयगय?" कडकबाईचा आवाज वॉर्डभर गेला. "खिडकीवर कागद कुणी चिकटवला? आम्ही दोघींनी एका गोळीवर दोन दिवस काढले, आणि हयगय आमची?"

डॉक्टर केसपेपरवर लिहू लागला.

दहाव्या दिवशी वन्सं काठी धरून चार पावलं टाकू लागल्या. घरी सोडायचा कागद आला, सोबत पाच औषधांची चिठ्ठी.

"ही कुठं मिळतील?"

"बाहेर," नर्स म्हणाली. "भरती असेपर्यंतच इस्पितळ देतं, आजी."

कडकबाईनं बांधलेलं गाठोडं सोडलं. "मग त्या भरतीच राहतील."

अधीक्षक स्वतः आले. "आजी, बाहेर व्हरांड्यात एक बाई स्ट्रेचरवर पडलीय. तिच्यासाठी खाट हवी. तुम्हाला मुलगा नाही का?"

"आहे. पण चादरी मी त्याच्या घरच्या नाही, तुमच्या केल्या. दर पगारातून औषधपाण्याचे पैसे तुम्ही कापलेत. मग भार त्याच्यावर का?"

"नियम वरून आलाय."

"वर म्हणजे किती वर? जिना दाखवा, मी चढते."

तिनं व्हरांड्यात डोकावलं. स्ट्रेचरवरची बाई कण्हत होती. कडकबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते संतापाचं. "मला हिच्याशी भांडायला लावताय? लाज वाटू द्या!" तिनं खाट सोडली, वन्संना हाताला धरून नेलं आणि अधीक्षकांच्या दारासमोरच्या बाकावर दोघी बसल्या. "वहिनी, जाऊ या ना," वन्सं अडखळत म्हणत राहिल्या. ही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अधीक्षकांनी सही केली. खास बाब म्हणून वन्संना तीन महिन्यांची औषधं.

"आणि माझी?"

"तुम्हाला अजून काही झालेलं नाही ना, आजी."

"व्हायची वाट बघताय होय?" ती म्हणाली आणि वन्संना घेऊन निघाली.

मुलाला कळायचं ते कळलंच. आता तिच्या गोळ्या तो आणतो. त्यासाठी त्यानं रविवारचीही पाळी घेतलीय, हे तिला सुनेकडून समजलं. त्या दिवशी कडकबाई कुणाशी एक शब्द बोलली नाही.