उलट्या बाजूची चिमणी

माझी आत्या मुलखाची हट्टी. तिचं भरतकामाचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली: एक मशीन, एक कॉम्प्युटर आणि भिंतभर रिळं. आतोबा कॉम्प्युटरवर नक्षी काढायचे, आत्या ती मशीनवर कापडावर उतरवायची. घरात मूल जन्मलं की त्याच्या दुपट्यावर आतोबांची चिमणी असायचीच.

माझ्या थोरल्याच्या जन्मानंतर वर्षभरात आतोबा गेले. पुढे मला पुन्हा आठवा महिना लागला, तशी आत्या चिमणी काढायला बसली. पण मधल्या काळात मशीनच्या कंपनीने सॉफ्टवेअर बदललं होतं. फाईल काही केल्या उघडेना. पडद्यावर एकच पाटी: नक्षी कुलूपबंद आहे, मूळ मालकाची परवानगी आवश्यक.

मी स्पीकर चालू करून कंपनीला फोन लावला. पलीकडचा पोरगा साखर पेरत म्हणाला, "मॅडम, नक्षीची चोरी होऊ नये म्हणून ही सोय आहे. खातं ज्यांच्या नावावर आहे, त्यांनाच बोलायला सांगा ना."

आत्याने फोन ओढून घेतला. "बाळा, त्यांच्याशी बोलणं झालं तर मलाही कळव. मला बरंच विचारायचंय."

मला हसू फुटलं, पण तिने फोन बंद करून टाकला. "माणूस गेला ते सोसलं गं," ती म्हणाली. "आता त्याची चिमणीसुद्धा या कंपनीवाल्यांनीच ठेवून घ्यायची?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थोरल्याचं दुपटं आण," ती म्हणाली.

ते तिने उलटं केलं. पुढून नुसती चिमणी दिसते. सुई कुठून निघाली नि कुठे वळली, ते मागून दिसतं. ती भिंगातून टाका टाका वाचत गेली आणि मी एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेघा ओढत गेले. अशाच कुलपांना वैतागलेल्या लोकांनी मिळून ते बनवलं होतं. माझं पोट टेबलाला अडत होतं, कंबर धरली होती, दोघी एकमेकींवर खेकसत होतो.

मध्येच तिने भिंग पुन्हा चोचीवर नेलं. मग म्हणाली, "अगं, धागा कुठे तुटलाच नाहीये. चोचीपासून पंखापर्यंत एकच! मला धागे कापायचा कंटाळा, म्हणून यांनी... आणि मी समजत होते, मशीनच शहाणं आहे." हसता हसता ती रडायला लागली. मीही रडले.

मुलगी झाली. दुपट्यावर चिमणी होती.

आत्याने मग आमची ही नवी फाईल भरतकाम करणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर टाकून दिली.

"आता कोणीही चोरेल हं," मी म्हटलं.

"वाटलेलं कोण कशाला चोरेल?"

थोड्याच दिवसांत कुणा अनोळखी बाईने नातवाच्या टोपीचा फोटो पाठवला. चिमणी तीच, पण शेपटी बदललेली, आखूड आणि झुपकेदार. आता आत्या भडकणार म्हणून मी फोन लपवायला गेले. तिने तो हिसकावला, चष्मा चढवला आणि शेपटी मोठी करून पाहिली.

"छान केलीय गं," ती म्हणाली. "यांना शेपटी कधी जमलीच नव्हती. विचार तिला, फाईल देते का."