बागेतल्या पायरीवरचं कुंकू

आज माझ्या नावापुढे बी.ए. लागतं ते सोनाआत्यामुळे. तिचं सासर इंदापूरचं. पण तरुणपणीच नवरा गेला, ती माहेरी पणदऱ्याला आली आणि माझी आई वारल्यावर तिनंच मला वाढवलं, शिकवलं. अद्भुत गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही... म्हणून घडलं तेवढंच लिहितो.

मी शाळेत असताना बारामतीच्या बाजारात वांगी विकून परतताना आत्यानं एक जुनं चित्र आणलं. दगडावरून छापलेलं, पिवळं पडलेलं, काचेच्या चौकटीतलं. घुमट, खांब, समोर पायऱ्या. आत्याला ते देऊळ वाटलं. तिनं ते देवांशेजारी टांगलं आणि रोज आंघोळ झाली की खालच्या पायरीवर कुंकवाचं बोट टेकवू लागली. मोटेच्या दोरात सापडून तिच्या अनामिकेचं टोक गेलेलं. त्यामुळे कुंकू अर्धंच उमटायचं — वरच्या बाजूनं सपाट.

पुढे इंग्रजी शिकल्यावर चित्राखालची ओळ मला वाचता आली. ती पुण्याच्या एका बागेतली, बँड वाजवायची इमारत होती! मी आत्याला ते सांगितलं नाही. रोज माझ्या नावानं हात जोडणाऱ्या बाईला काय सांगणार?

पुण्याला कॉलेजात गेलो आणि पहिल्याच सहामाहीत हबकलो. प्रोफेसरांचं इंग्रजी कळेना, मुलं माझ्या बोलण्याला हसत. एका सकाळी वळकटी बांधून स्टेशनकडे निघालो. वाटेत एका बागेत टेकलो — समोर तीच इमारत. खालच्या पायरीवर ओलं कुंकू. अर्धं. वरच्या बाजूनं सपाट.

माळ्याला विचारलं. "रोज पुसतो, रोज हायच," तो म्हणाला. "कोण लावतंय, कधी दिसलं न्हाय बघा."

मी वळकटी घेऊन खोलीवर परतलो. मग त्याच पायरीवर अभ्यासाला बसू लागलो. कुंकू रोज असायचं. शेवटच्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, ते दिसेनासं झालं... आत्याला काही झालं की काय, या धास्तीनं गाव गाठलं.

आत्या चुलीपुढे धडधाकट! पण चित्राची काच लख्ख पुसलेली.

"किसन म्हणतोय, ही सायबाची बाग हाय," ती म्हणाली. "इतकी वर्सं बँडवाल्यांस्नी कुकू लावलं मी! आळीतल्या बाया इचारत्यात, सोनाक्का, लगीन कुणाचं हाय?"

"मग खोटं हाय का आत्ये?" दारातून माझा चुलतभाऊ किसन हसला. त्याच्या मागं दोघी शेजारणीही.

आत्याही हसली, पण पदर डोळ्याला गेला. "तुझ्यासाठी मागितलेलं समदं वाया गेलं रं दत्तू. देवाला पोचलंच न्हाय."

चारचौघांत मला बोलवेना. पुण्याला परतलो. पायरी कोरडी. पुस्तकातलं अक्षर डोक्यात शिरेना. तिथंच बसून तिला पत्र लिहिलं. या प्रकाराचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. आत्यानं ते पत्र जपून ठेवलंय, ते तसंच खाली उतरवतो —

"ती. सोनाआत्यास साष्टांग नमस्कार.

किसन म्हणतो ते खरं, ही बागच आहे. पण तू घरी लावलेलं कुंकू इथं पायरीवर रोज उमटत होतं. तुझं बोट मी ओळखतो. ते बघूनच मी कॉलेज सोडलं नाही. तेव्हा पोचलं नाही असं म्हणू नकोस. देवाचं मला ठाऊक नाही, मला पोचलं.

हे पत्र गुरुजींकडून वाचून घे, आणि किसनसमोर वाचून घे. मग आंघोळ झाली की बोट टेकव. परीक्षा जवळ आली आहे. मी रोज पायरीवर येऊन बसतो.

तुझा दत्तू"