दात्यांमधली धूळ

निम्म्या खिडक्या पुसून झाल्या होत्या. बादलीतलं पाणी बदलायला उठले, तेव्हा जाता जाता भिंतीवरच्या लाकडी घड्याळावरूनही फडकं फिरवलं. मोठ्या चाकाच्या दात्यांमधून भुशाची धूळ निघाली. काटे बरोबर वेळ दाखवत होते, लंबक डुलत होता, आणि चाकं मात्र फिरलेलीच नव्हती. घड्याळ खुंटीवरून उतरवलं. मागे एक काळी डबी, डबीत सेल.

मला किळस आली. दुसरा शब्द नाही.

हे निवृत्त झाल्यापासून चार वर्षं मागच्या खोलीत लाकडी घड्याळं करतात. त्या चार वर्षांत मी काय काय सोसलं ते या वहीत जागोजागी आहे. माझ्या दुधाच्या पातेल्यात ह्यांनी लाकूड चिकटवायचा सरस उकळला, आणि तो जनावरांच्या हाडाकातड्याचा असतो हे मला दोन दिवसांनी सांगितलं. पातेलं टाकलं, तरी वास नाकातून जाईना. भुसा उशीच्या अभ्र्यात, पिठाच्या डब्यात, ह्यांच्या भुवयांत. पहिल्या घड्याळाचे दाते लाकडाच्या रेषा न बघता कापले, ते म्हाताऱ्याच्या दातांसारखे एकेक गळाले. दुसऱ्याच्या आसांना तेल पाजलं. लाकूड फुगलं, तेलात भुसा बसून राड झाली. दर वेळी काय शिकलो ते हे पेन्सिलीने भिंतीवर लिहिणार आणि मला बोलावून वाचून दाखवणार, जसं काही तेल मीच ओतलं होतं.

तरी मी तोंड मिटून राहिले, कारण माणूस सरळ. तीस वर्षं ह्यांनी लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचले. दाराला कुलूप असलं तर अंदाजे आकडा टाकून मोकळे झाले नाहीत, पुन्हा गेले. मीटर फिरू नये म्हणून त्याला चुंबक लावणारे कितीजण पकडले, ते तर मला तोंडपाठ आहे.

हे तिसरं घड्याळ आठ दिवसांपूर्वी चालू झालं. मी वहीत ‘देवाची कृपा’ असं लिहिलं आणि रोज प्रार्थनेला त्याच्यावरच वेळ बघून बसले. वाचनालयाच्या बाई घरी आल्या होत्या, त्यांना ते इतकं आवडलं की वाचनाच्या खोलीत लावायला मागितलं. खालची पाटी ह्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली: ‘संपूर्ण लाकडी. वजनावर चालते. सेल नाही.’ आज चार वाजता बाई न्यायला माणूस पाठवणार होत्या.

घड्याळ नेऊन ह्यांच्या पुढ्यात पालथं ठेवलं. हे करवतीचं पातं बदलत होते, हात तसाच राहिला. मग सुरू झालं, की हवा दमट असली की एक चाक फुगतं, वीस मिनिटांत अडकतं, बाई यायच्या म्हणून तेवढ्यापुरती सोय केली, चाक नवं करून बसवणारच होते, आणि बाहेरून कुणाला काय कळतंय.

“चुंबकवालेही तुम्हाला हेच सांगायचे ना हो?” मी विचारलं.

ह्यांनी पातं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, “तूच सांग ना बाईंना. म्हणावं, ह्यांना बरं नाही, पुढे कधीतरी न्या.”

त्या सेलपेक्षा मला ह्या बोलण्याचा जास्त वीट आला.

“आठ दिवस मी एका सेलबद्दल देवाचे आभार मानले,” मी म्हटलं, “आता वर थाप मारायलाही मलाच पाठवता?”

ह्यांनी डबीचे स्क्रू काढले, पाटीचे दोन तुकडे केले. वजन लावून लंबकाला धक्का दिला. चाकं फिरली, कुरकुरली आणि आम्ही बघत असतानाच अडकली. वीस मिनिटं म्हणे. चारसुद्धा नव्हती.

मी चहाचं विचारलं नाही. ह्यांनी सदरा बदलला, चपला घातल्या. आता ह्यांनाच वाचनालयात जाऊन बाईंना सांगायचं आहे, की माणूस पाठवू नका, घड्याळ चालत नाही.