आज झोप लागेल का
कोथिंबीर निवडताना हातांना वास लागला आणि मार्केट यार्डातले ते पालेभाज्यांचे आडते आठवले. मी तेव्हा कॅन्सर वॉर्डात नवी नर्स होते, ते आमचे पेशंट, आणि त्यांना भेटायला येणाऱ्यांच्या कपड्यांना हाच वास असायचा. आजार हाडांपर्यंत गेला होता. कूस बदलायची म्हटलं तरी ते उशीचा कोपरा दातांत धरायचे. राउंडला मी मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "सर, पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना बोलवूया का? दुखणं तरी कमी होईल." ते हळू आवाजात म्हणाले, "इतक्यात नको, सिस्टर. घरच्यांना वाटेल, आपण हात टेकले." माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच तसं वाटत होतं. खाटेपलीकडे उभ्या असलेल्या आडत्यांच्या बायकोनं ते ऐकलं. हडपसरच्या जुन्या गावातली बाई. म्हणाली, "डॉक्टर, ह्ये जगत्याल का, ते मी इचारतच न्हाय. आज झोपत्याल का, तेवढं सांगा." डॉक्टरांनी स्वतःच पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांना फोन लावला. दुपारी मॉर्फिन सुरू झालं आणि दिवस मावळायच्या आत आडत्यांना गाढ झोप लागली. बाई रडली नाही, हसली नाही; नुसती त्यांच्या छातीकडे बघत बसली. पुढं ते घरी गेले आणि घरीच वारले. आता त्या वॉर्डची इन्चार्ज मी आहे. गेल्या आठवड्यात एका पेशंटसाठी पॅलिएटिव्हला बोलवूया म्हटलं, तर एक तरुण डॉक्टर मला म्हणाले, "ट्रीटमेंट चालू आहे ना अजून? मग पॅलिएटिव्ह कशाला?" मला राग आला नाही. "चला, आज झोप लागेल का, ते पेशंटलाच विचारू," म्हटलं आणि त्यांच्यापुढं चालू लागले.