दोघांच्या नावाचं गाऱ्हाणं

पावसाळ्यात शाळा चालू असायची, पण ती वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, आणि आमचं घर अलीकडे. मधे साकव. साकव म्हणजे पोफळीची चार खोडं आडवी टाकून, वेलींनी आवळून केलेला पूल. आषाढात एक मोठा लोंढा आला की तो जायचा. मग गणपतीपर्यंत आमच्या वाडीतली मुलं घरी.

वडील दुसऱ्यांच्या बागांत नारळ पाडायचे. मी चौथीत असताना ते माडावरून पडले. जिवावरचं पायावर निभावलं, पण उजवा गुडघा पुन्हा वाकला नाही आणि माडावर चढणं संपलं. पुढे सगळं आईवर. उन्हात काजूबिया वेचायच्या, पावसात लोकांच्या शेतात लावणीला जायचं. घरात सकाळी पेज आणि रात्रीही पेज. भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा असला तर तो वडिलांच्या ताटात.

मला दोन बहिणी; धाकटी तेव्हा पाळण्यात होती, थोरली माझ्यापेक्षा हुशार होती. थोरली सातवीत गेली त्या वर्षी साकव लवकर वाहून गेला. दोन महिने ती घरी बसली. गणपती झाले, नवा साकव घातला, ती दप्तर काढायला लागली तर आई म्हणाली, "आता कित्याक जातंस? रव घराकडेच." ती राहिली. मला मात्र शाळेत ठेवलं, कारण मी मुलगा. हे बरोबर नव्हतं. पण माझं सगळं शिक्षण त्याच्यावर उभं आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आमच्या गावात दर रविवारी सकाळी मोठ्या मुलामुलींचा एक वर्ग भरायचा. त्याला 'नागरिक वर्ग' म्हणत. दोघांनी तो चालवला, आणि माझ्या आधीही पंधरा-वीस वर्षं चालवला होता. एक निवृत्त गुरुजी, दुसरे गावातले टेलरकाका. सभा कशी चालवावी, ठराव कसा लिहावा, कचेरीत कुठल्या टेबलापाशी जावं, साहेबासमोर डोकं न खाजवता कसं उभं राहावं, हे तिथं शिकायचं. पैसा नाही, पद नाही. गावातले लोक दोघांना 'बिनपगारी, फुल अधिकारी' म्हणायचे. टेलरकाका त्यावर म्हणायचे, "अधिकारी तरी म्हणतंत, ता काय कमी आसा?"

वर्ग काकांच्याच पडवीत भरायचा. गुरुजी शिकवायचे आणि काका कोपऱ्यात मशीनवर बसून ऐकायचे. बोलणाऱ्याला वेळ ठरलेली. ती संपली किंवा बोलणं भरकटलं की काका पायडल मारायचे. मशीनच्या खडखडाटात बोलणारा आपोआप गप्प बसायचा.

गुरुजींची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एकजण नारळ हातात घेऊन देवासमोर उभा राहतो, सगळ्या गावाच्या वतीनं मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला मागचे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. गुरुजी म्हणायचे, "ह्यो बिनकागदाचो अर्ज. कोणासमोर उभे आसंव ता आधी सांगूचा. मग आमी कोण. मग अडचण. मग मागणी. आणि मागे सगळ्यांचो होकार. तुमका अर्ज येता रे, फकत तो कागदावर उतरवक येणा नाय." म्हणून वर्गात प्रत्येकाला आधी गाऱ्हाणं घालायला लागायचं, मग त्याचाच अर्ज लिहायचा.

अर्ज मी उत्तम लिहायचो. मुद्देसूद, एक खाडाखोड नाही. गुरुजी माझा कागद सगळ्यांना दाखवायचे. पण उभा राहिलो की आवाज बारीक व्हायचा, आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला काकांचं मशीन सुरू.

आणि एक ती होती. देवळाजवळच्या घरातली. तिचे आजोबा देवळात गाऱ्हाणं घालणारे मानकरी, त्यामुळे तिच्या कानात ते लहानपणापासूनच होतं. लिहिण्यात ती साधारणच, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. पण पदर खोचून उभी राहिली आणि "बा देवा म्हाराजा" म्हणाली की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून "व्हय म्हाराजा" म्हणायचा. ती बोलायला लागली की काका पायडलवरचा पाय काढून चक्क खाली जमिनीवर ठेवायचे. मी वर्गात तिच्याकडे कधी बघितलं नाही, त्या पायाकडे बघायचो. माझ्या वेळी तो पाय एकदाही खाली आला नाही.

कणकवलीच्या कचेरीत पक्क्या साकवाचा अर्ज करायचा ठरला तेव्हा मला वाटलं, आता माझी पाळी. वाडी माझी, बहीण माझी घरी बसलेली. तीन रविवार खपून मी अकरा मुद्द्यांचा अर्ज लिहिला. गुरुजींनी तो वाचून घडी घातली आणि म्हणाले, "झकास. कणकवलीक ती बोलात. तू लिव्ह, ती बोलात."

"पण गुरुजी, साकव आमचो."

"म्हणानच. स्वतःच्या दुखण्याक स्वतःच बोललंस तर रडान मोकळो होशीत."

मी तेव्हाच रडून मोकळा झालो, वहाळाकाठी जाऊन.

जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता, पण आमचं काम कणकवलीतच होतं. एसटीनं आम्ही आठजण गेलो. साहेब घाटावरचे, गाऱ्हाणं त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. ती बोलायला लागली. कचेरी म्हणून शुद्ध भाषेत सुरुवात केली, "साहेब, आम्ही वहाळापलीकडची मुलं आपल्यासमोर उभी आहोत." आणि मागून सवयीनं आमच्यातला एकजण मोठ्यांदा म्हणाला, "व्हय म्हाराजा!" पाठोपाठ सगळे. मीसुद्धा. साहेबांची पेन्सिल हातातच राहिली.

"हे काय?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "अनुमोदन, साहेब."

साहेब इतके हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. पुढच्याच आठवड्यात ते स्वतः वहाळ बघायला आले, बूट हातात घेऊन साकवावरून गेले, मधेच थबकले, आणि परत येऊन म्हणाले, "काम होण्यासारखं आहे. ग्रामपंचायतीचा ठराव तेवढा पाठवा." सगळी मुलं तिच्या भोवती. माझ्या अकरा मुद्द्यांचा अर्ज साहेबांनी वरवर चाळला होता. तो मीच लिहिला हे त्यांना कुणी सांगितलंही नाही.

मला आनंद झाला नाही. साकव माझा, आणि आनंद झाला नाही. हेवा असलं काम करतो.

पुढे ठराव अडला. सरपंचांना साकव आधी त्यांच्या वाडीच्या खालच्या वाटेवर हवा होता. ते 'नाही' कधी म्हणत नसत. "बघूया, पुढल्या सभेक बघूया," असं गोड बोलून परत पाठवायचे. दोन वर्षं गेली. मी कणकवलीच्या कॉलेजात जायला लागलो. जाण्याआधी काकांनी माझ्यासाठी उरल्या कापडातून सदरा शिवला. खिसा कोपरभर खोल. मी म्हटलं, "काका, ह्यो खिसो की पिशवी?" तर म्हणाले, "लिवणाऱ्याचो खिसो खोल व्हयो. पेन पडता नये." तेव्हा मी हसलो होतो.

मी दुसऱ्या वर्षाला असताना टेलरकाका गेले. मशीनवर बसल्या बसल्या छातीत कळ आली. पुढल्या वर्षी गुरुजी गेले, म्हातारपणानं, झोपेत. रविवारचा वर्ग बंद पडला. पडवीत काकींनी भाताची कणगी आणून ठेवली.

वर्ग पुन्हा सुरू करायचा आणि त्या दिवशी दोघांचा मान करायचा, असं आम्ही जुन्या मुलांनी ठरवलं. गाव येणार होतं. निम्म्या गावाला गुरुजींनी बाराखडी शिकवली होती. अध्यक्ष म्हणून सरपंच. सुरुवात गाऱ्हाण्यानं व्हायची होती, आणि दोघांच्या नावानं घालायचं ते गाऱ्हाणं कोण घालणार, हा प्रश्न होता. मला तरी प्रश्न वाटत नव्हता. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या वाडीत तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी शुद्ध भाषेत चार पानं लिहून काढली, आणि कॉलेजच्या मागच्या माळावर तोंडपाठ केली.

काकींना विचारायला गेलो तर ती आधीच तिथं, काकींबरोबर पडवी सारवत. दहावीनंतर तिची शाळा सुटली होती. मुंबईचं स्थळ पक्कं झालं होतं, चैत्रात लग्न.

काकी माझं ऐकून तिच्याकडे बोट करत म्हणाल्या, "चेडवाक घालूंदे."

"काकी, मी बी.ए. होतंय. गावात दुसरो कोण आसा?"

"मेल्या, गाऱ्हाण्याक डिग्री लागता? तुझ्या वेळाक आमचे हे कित्याक मशीन चालू करीत, ता आधी इचार!"

ती हसली. मग शेणाचे हात तसेच ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुका कॉलेज गावला रे. माका ह्या तरी गावांदे. चैतापासून माझा बोलणा आयकतला कोण?"

घरी जाताना तिचं बोलणं डोक्यात घोळत राहिलं. इतकी वर्षं मी तिचा हेवा केला, आणि रोज सकाळी एसटीच्या खिडकीत बसून मी कणकवलीला जातो, हे ती देवळाजवळून बघत होती. हे कळलं, तरी मी मोठ्या मनाचा झालो असं नाही. चार पानं खिशात ठेवलीच. म्हटलं, ती अडखळली तर?

ती अडखळली नाही.

गुरुजींचा निवृत्तीच्या समारंभातला फोटो मिळाला. काकांचा एकही फोटो नव्हता, म्हणून काकींनी मशीनलाच हार घातला. पडवी, अंगण, पार गडग्याच्या दगडी कुंपणापर्यंत माणसं. ती नारळ घेऊन उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरा ह्या अंगणात दोन माणसांच्या नावान जमली हत."

"व्हय म्हाराजा!"

"एकान आमका बोलूक शिकवला, दुसऱ्यान गप रवक शिकवला."

मशीनकडे बघून सगळे हसले, आणि हसतच, "व्हय म्हाराजा!"

"त्यांनी पगार मागलो नाय, खुर्ची मागली नाय. वहाळावर साकव मागलो, तो बघूक ते रवले नाय. त्यांका तुझ्या पायाशी जागा दी."

"व्हय म्हाराजा!"

आता हसू नव्हतं. काकींनी डोळ्यांना पदर लावला. तिचा आवाज तसाच, न थांबता, त्याच लयीत,

"आणि येत्या सभेत आमचे सरपंच त्या साकवाचो ठराव करतले. जो काय अडथळो आसात तो दूर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज सरपंचांचा. हात जोडलेले, डोळे मिटलेले. गाऱ्हाण्यात शब्द कोण ऐकतो? वाक्य संपलं की तोंडातून होकार जातोच. तिनं लगेच नारळ फोडला.

काकी नाक ओढत म्हणाल्या, "सरपंचानू, तुमीच म्हटलास हां."

सरपंचांनी डोळे उघडले. "काय म्हटलंय?"

"व्हय म्हाराजा म्हटलास. ठरावाक."

गडग्यावरून एक म्हातारा ओरडला, "नारळ पन फुटलो!"

सरपंच फोडलेल्या नारळाकडे बघत राहिले. देवाच्या नावानं भर गावात दिलेला होकार आमच्याकडे कुणी मागे घेत नाही. शेवटी त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. "ह्या चेडवाक लवकर मुंबयक धाडा रे! नायतर माझी सरपंचकी गेली म्हणान समजा." अंगण हशानं भरलं. मग म्हणाले, "येत्या सभेत ठेवतंय. मसुदो कोण लिवता?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तीही बघत होती. म्हणाली, "लिव्ह रे. मी बोललंय."

मी सदऱ्याच्या त्या खोल खिशात हात घातला. आधी चार पानं हाताला लागली, त्यांच्या खाली पेन. पानं तशीच ठेवून पेन काढलं आणि मशीनच्या फळीवर कागद ठेवून ठराव लिहिला. त्यात दोघांच्या नावाची पाटी लावण्याचं कलम मी माझ्याकडून घातलं. पण खरं सांगतो, लिहितानाही मनात होतं की इतकी वर्षं माझ्या पानापानांनी झालं नाही ते हिच्या एका वाक्यानं झालं. तो हेवा अजून पुरता गेलेला नाही.

ठराव सभेत मंजूर झाला, मी लिहिला तसाच, एक शब्द न बदलता. ती चैत्रात मुंबईला गेली. त्या उन्हाळ्यात मी बी.ए. पास झालो, आमच्या वाडीतला पहिला. दोन वर्षांनी वहाळावर सिमेंटचा साकव झाला, दोन्ही बाजूंना कठडा असलेला, आणि त्याच्या तोंडाशी गुरुजींच्या आणि टेलरकाकांच्या नावाची पाटी लागली. त्या जूनमध्ये माझी धाकटी बहीण सातवीत गेली. त्या पावसाळ्यात तिची शाळा एक दिवसही बुडली नाही.