राक्षसाचं कापलेलं हसू

आमच्या दशावतारातला राक्षस त्या दिवशीच्या तालमीत मोठ्याने हसला की भोंग्यातून नुसती खरखर यायची. नाटक त्याच संध्याकाळी होतं आणि माईकचा ॲम्प्लिफायर मी बांधलेला. मी मीटर काढेपर्यंत मंडळींनी मशीनसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "कोणाची नजर लागली आसात तर काढून टाक, म्हाराजा!"

मला दिसला मशीनला जोडलेला मोबाईलचा चार्जर. पाच व्होल्टवर आतला ऑप-ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, साडेतीनच्या वर जात नाही, म्हणून हसण्याचा वरचा भाग छाटला जात होता.

"बारा व्होल्टचो ॲडाप्टर खंय?"

राक्षस पुटपुटला, "मुकुटाच्या लायटींक लावलंय, वयनी."

"मग ठरव रे. मुकुट व्हयो काय हसणा?"

बराच विचार करून त्याने मुकुटाचा ॲडाप्टर काढून माझ्या हातात दिला. रंगमंचावर तो विझलेला मुकुट घालून हसला आणि पुढे बसलेली माणसं मुलांसकट मागे सरकली.