पिंजौरच्या गोलपोस्टला नारळ

सांगावं की नको हे ठरवता ठरवता चहा निवला, पण सांगूनच टाकतो. एका फुटबॉल मॅचला जाऊन, चेंडूला पायसुद्धा न लावता, मी ती मॅच जवळजवळ बंद पाडली होती!

मी कोल्हापूरचा. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल शिकवायचा नसतो, तो पेठेत जन्मतानाच शिकून येतो. मी स्वतः कधी खेळलो नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्याकडे खेळणारे मोजके, कळणारं अख्खं गाव.

नोकरीपायी मोहालीत आलो आणि इथलाच झालो. मुलगी इरा इथेच वाढली. मी मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते. एका अकॅडमीच्या संघात ती गोलकीपर आहे, म्हणजे राखीव. तिच्या मॅचना माझी बायको माधुरी जायची. माधुरीला जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर इरा मैत्रिणीच्या आईबरोबर जाऊ लागली. तिने मला कधी विचारलं नाही आणि मीही नाही.

त्या आठवड्यात मुख्य गोलकीपरचं मनगट मुरगळलं. इराला पहिल्यांदाच पूर्ण मॅच मिळणार होती, तीही परक्या मैदानावर, पिंजौरला. मैत्रिणीची आई नेमकी लग्नाला लुधियानाला. आणि बाहेरच्या मॅचला प्रत्येक मुलीबरोबर घरचं माणूस पाहिजे, असा अकॅडमीचा नियम.

"बाबा, आप चलो. पर प्लीज, कुछ करना मत."

"मी काय करणार?"

"वही तो. कुछ भी मत करना."

पिंजौरला पोचलो आणि पालकमंडळी पाहून मला हसू आवरेना. घडीच्या खुर्च्या, थर्मास, पराठ्यांचे डबे. मॅच होती की वनभोजन? एक बाई लेकीला बदाम भरवत होत्या. सोललेले! आमच्याच संघातल्या एका मुलीचे वडील, बत्राजी, मोबाइलवर 'ऑफसाइड म्हणजे काय' याचा व्हिडिओ बघत होते. मैदानाच्या काठावर बसून! कोल्हापुरात शाळकरी पोरांनी हाताला धरून घरी पोचवलं असतं त्यांना.

आणि सगळ्यात मोठा अडाणीपणा म्हणजे, एवढ्या जणांत एकानेही नारळ आणला नव्हता. आता सांगा, नारळ वाढवल्याशिवाय मॅच सुरू होते का कुठे? बदाम सोलायला वेळ आहे, नारळाला नाही!

मी मात्र तयारीत होतो. डिकीत नारळ होता, कुंकू होतं, उदबत्ती होती. शिवाय एक लिंबू, आपलं असावं म्हणून.

मुली बूट बांधत होत्या तेवढ्यात मी जवळच्या गोलपोस्टकडे गेलो. दोन्ही खांबांना कुंकू लावलं, उदबत्ती खोचली, लिंबू ठेवलं आणि नारळ खांबावर आपटला. लोखंडी पाइप तो! असा टणत्कार झाला की बत्राजींच्या हातून मोबाइल पडला.

मी डोळे मिटून हात जोडले. उघडले तर समोर पिंजौरच्या संघाची गोलकीपर. चेहरा पांढराफटक.

"कोच सर! अंकल ने गोल पे टोटका कर दिया!"

टोटका म्हणजे आपली करणी हो! त्यांचा कोच धावत आला, त्याच्यामागे पालक, पालकांमागे पराठे.

"ये क्या है जी?"

"पूजा है."

"किसकी?"

"खंभे की."

"खंभे की पूजा कौन करता है?"

"हम करते हैं. कोल्हापुर में."

"ओ अच्छा, चप्पल वाला?"

बोला आता! एवढा आमचा फुटबॉल, आणि ओळख कशाची, तर चपलेची.

तेवढ्यात नाणेफेक झाली आणि नेमका तोच गोल पिंजौरच्या वाट्याला आला. ती मुलगी ओक्साबोक्शी रडू लागली. "मैं यहाँ खड़ी नहीं होऊँगी!" कुणाची तरी आजी ओरडली, "नींबू भी पड़ा है! कोई हाथ मत लगाना!" एक काका गंगाजल आणायला स्कूटर घेऊन निघालेसुद्धा. आमचा कोच रेफरीला सांगत होता, "सर, ये पहली बार आए हैं. हमें भी नहीं पता था."

मी आवाज चढवला. "अरे, आपके लिए नहीं किया! ये मेरी बेटी का गोल है, उसके लिए किया!"

बत्राजी हळूच कानाशी आले. "भाईसाब, हाफ टाइम के बाद साइड बदलती है."

मला हे माहीत होतं. खरंच माहीत होतं! तेवढ्यापुरतं नव्हतं, इतकंच.

रेफरी कंटाळून म्हणाला, "खेलना है तो खेलो, वरना मैच रद्द." मी इराकडे पाहिलं. हातात ग्लोव्हज घालून ती खाली बघत उभी होती. एवढ्या दिवसांनी मिळालेली तिची मॅच, आणि ती मी बुडवत होतो.

मला एकच सुचलं. खोबऱ्याचा तुकडा तोंडात कोंबला. "प्रसाद है! देखो, मैं खुद खा रहा हूँ!"

आणि ठसका लागला. असा लागला की डोळे बाहेर यायची वेळ. गर्दी चार पावलं मागे सरली.

"देखा?" आजी म्हणाली. "उलटा पड़ गया!"

तेव्हा इरा पुढे आली. तिने एक ग्लोव्ह काढला, खाली पडलेल्या नारळातला तुकडा उचलून पुसला आणि खाल्ला. मग त्या रडणाऱ्या मुलीला म्हणाली, "टोटका नहीं है यार. इनको आता होता ना, तो आज मेरी मम्मी यहाँ होती."

मी वाकून लिंबू उचललं आणि खिशात टाकलं.

त्या मुलीने डोळे पुसले, हात पुढे केला. इराने तिला खोबरं दिलं. शिट्टी वाजली.

पहिल्या अर्ध्या डावात आमच्या पोरींनी त्या कुंकवाच्या गोलावर जीव तोडून हल्ले केले. चेंडू आत जाईल तर शपथ! "भाईसाब, काम पक्का किया है आपने," बत्राजी म्हणाले. दुसऱ्या अर्ध्यात तिथे इरा आली. काय खेळली हो पोरगी! झेपावून, लोळून, अंगावर घेऊन चेंडू अडवले तिने. शेवटी एकच सुटला. तो बाहेरच चालला होता, पण मी कुंकू लावलेल्या खांबावर आपटला आणि आत गेला.

एक-शून्य. पिंजौर जिंकलं.

त्यांच्या कोचने माझा हात दोन्ही हातांत घेतला. "सर जी, अगली बार भी आना ज़रूर. नारियल हम ले आएँगे."

परतताना गाडीत मीच धीर केला. "पुढच्या मॅचला येऊ का गं मी?"

"अगला मैच अपने यहाँ है. इन्हीं पिंजौर वालों के साथ," ती म्हणाली. "आप ज़रूर आना, बाबा."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

"पर इनकी तरफ़ से."